दोन मीटरचा ठिपका : पॅलेस्टाइनकडे आकाशातून कोण पाहतं, आणि कोणाला पाहू दिलं जातं

गाझाचे 'आधी' आणि 'नंतर' असे उपग्रहफोटो आता बहुतेकांच्या पाहण्यात आले आहेत. डावीकडे घरांची दाटी, उजवीकडे राखाडी पसारा. असे फोटो पाहिले की वाटतं, वरचा कॅमेरा काही कोणाचा नातलग नाही, जे आहे ते दाखवतो. पण मे २०२१ मध्ये गाझावर हवाई हल्ले चालू होते, तेव्हा अनेक पत्रकारांना एक गोष्ट खटकली. गूगल अर्थवर उत्तर कोरियाच्या प्योंगयांगमधल्या रस्त्यावरच्या गाड्या ओळखता येत होत्या, आणि जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक असलेलं गाझा धूसर होतं. ढग नव्हते, कॅमेराही बिघडलेला नव्हता. त्या धूसरपणामागे एक कायदा होता.

हे नीट समजायला आधी फोटोतला ठिपका समजून घ्यावा लागतो.

पिक्सेल म्हणजे रांगोळीचा ठिपका

ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपके बोटभर अंतरावर असतील तर कमळाच्या पाकळ्या, मोराचा तुरा, सगळं जमतं. तेच ठिपके हात-हातभर लांब टाकले तर फार तर चौकोन निघेल. उपग्रहाच्या फोटोचंही तसंच असतं. फोटोतला सर्वांत लहान चौकोन म्हणजे पिक्सेल, आणि एका पिक्सेलमध्ये जमिनीवरची किती जागा मावते ते म्हणजे रिझोल्यूशन. 'दोन मीटर रिझोल्यूशन' याचा अर्थ दोन बाय दोन मीटर जमिनीला मिळून एकच रंग. त्या चौकोनात चूल असो, खाट असो की उभा माणूस, सगळ्याचा मिळून एक ठिपका.

आकडे मांडून पाहू. दहा बाय दहा मीटरचं घर दोन मीटरच्या फोटोत २५ ठिपक्यांचं होतं. चाळीस सेंटिमीटरच्या फोटोत तेच घर ६२५ ठिपक्यांचं होतं. गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, छताला पडलेलं मोठं भगदाडही दिसतं. साधी मोटारगाडी दोन मीटरवर दोन-तीन ठिपक्यांत संपते. आणि कबर, म्हणजे साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा, एका ठिपक्याच्या निम्मी. कबरीचा हा हिशेब लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

ठिपक्याचा आकार ठरवणारा कायदा

१९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक दुरुस्ती घातली. ती मांडणाऱ्या दोन सिनेटरांच्या नावांवरून तिला काइल-बिंगमन दुरुस्ती म्हणतात. तिचं म्हणणं असं : इस्राएलचे जेवढे स्पष्ट उपग्रहफोटो इतर देशांच्या कंपन्यांकडून बाजारात सहज मिळतात, त्याहून स्पष्ट फोटो अमेरिकी परवान्याच्या कंपन्यांनी काढू किंवा विकू नयेत. प्रत्यक्षात ही मर्यादा दोन मीटरवर बसली आणि पॅलेस्टिनी प्रदेशही तिच्याखाली आले. जगात उपग्रहफोटोंच्या धंद्यावर बराच काळ अमेरिकी कंपन्यांचं वर्चस्व होतं, त्यामुळे एका देशाचा नियम व्यवहारात साऱ्या जगाचा नियम झाला. २०१४ मध्ये त्याच अमेरिकी सरकारने इतर जगासाठी पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचे फोटो विकायला मोकळीक दिली. या भूभागावर मात्र दोन मीटर कायम राहिले.

ही गाठ सैल केली ती पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की फ्रान्सच्या प्लेयाद उपग्रहांचे याहून कितीतरी स्पष्ट फोटो कित्येक वर्षं खुल्या बाजारात मिळताहेत, म्हणजे कायद्याने स्वतःच घातलेली अट उरलेली नाही. त्यांना काळजी होती ती पुरातन स्थळांच्या नासधुशीची, पण मुद्दा सगळ्यांनाच लागू होता. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने मर्यादा चाळीस सेंटिमीटरवर आणली. त्यानंतरही मोफत नकाशांवर जुने धूसर फोटो काही काळ तसेच पडून राहिले. २०२१ मध्ये पत्रकारांना खटकलं ते हेच.

'सुरक्षेसाठी हे गरजेचंच नाही का?'

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. इस्राएलची बाजू अशी की लष्करी तळांचे स्पष्ट फोटो शत्रूच्या हाती पडले तर नेम धरणं सोपं होतं. हवेतून आलेला धोका त्या समाजाने अनुभवलेला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासचे काही हल्लेखोर पॅराग्लायडरवरून सीमा ओलांडून आले, आणि त्या दिवसाच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली.

पण मर्यादा नेमकी कोणाला आडवी आली ते पाहावं लागतं. पैसा असलेल्याला फ्रेंच फोटो विकत घेता येत होता. अडले ते मोफत नकाशावर विसंबणारे : पाडलेल्या घरांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, शेतात नवा रस्ता पडला का हे पाहणारा शेतकरी, विद्यार्थी, पत्रकार. आणि पाहणं एकतर्फीच राहिलं. इस्राएल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशाची जमीन अ, ब, क अशा तीन गटांत वाटली, पण आकाश वाटलं नाही. सगळ्या हवाई हद्दीचं नियंत्रण इस्राएलकडे राहिलं. नोव्हेंबर १९९८ मध्ये गाझात विमानतळ सुरू झाला, आणि दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, २००१ च्या अखेरीस आणि २००२ च्या सुरुवातीला, त्याचं रडार आणि धावपट्टी इस्राएलने उद्ध्वस्त केली. तेव्हापासून गाझातल्या माणसाच्या लेखी आकाशात सतत काही असेल तर ते ड्रोन. तिथे त्याला 'झनाना' म्हणतात, गुणगुणणारी. शब्द त्याच्या आवाजावरून पडलाय.

शंभर वर्षांपूर्वीची विमानं

ही वरची नजर उपग्रहांनी आणलेली नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, ऑटोमन (तुर्की) सैन्याच्या मदतीला आलेल्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या विमानपथकाने पॅलेस्टाइनचे हजारोंच्या संख्येने फोटो काढले; अडीच हजारांवर आजही म्युनिकच्या अभिलेखागारात आहेत. पलीकडच्या बाजूने ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिशांच्या नकाशांसाठी फोटो काढत होते. हेतू सरळ होता, खंदक आणि तोफा शोधणं. पण कॅमेऱ्याला निवड करता येत नाही. खंदकाच्या शेजारची जैतुनाची बाग, खळं, विहिरीकडे जाणारी पायवाट, हे सगळं काचेवर उतरलं. गुस्टाफ डालमान या जर्मन अभ्यासकाने १९२५ मध्ये त्यातले शंभर फोटो पुस्तकरूपाने छापले.

वरून पाहणं आणि वरून कापणं यांतलं अंतर किती कमी असतं हे १९३६ मध्ये याफा या बंदराच्या शहरात दिसलं. तेव्हा पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचं राज्य होतं आणि त्याविरुद्ध अरब उठाव चालू होता. जुन्या शहराच्या बोळांत ब्रिटिश सैनिकांना शिरता येत नव्हतं. १६ जूनला विमानातून पत्रकं टाकली गेली, घरं रिकामी करा. कारण दिलं गेलं शहरसुधारणेचं आणि आरोग्याचं. मग सुरुंग लावून दोनशेहून अधिक घरं पाडली आणि वस्तीतून रुंद पट्टे काढले. वरून त्या पट्ट्यांचा आकार जहाजाच्या नांगरासारखा दिसतो आणि मोहिमेचं नावही तेच होतं. मराठीत नांगर शब्द जहाजालाही आहे आणि शेतालाही. याफात दोन्ही अर्थ लागू पडतात. 'शहरसुधारणा' या सबबीवर खुद्द तिथल्या ब्रिटिश सरन्यायाधीशांनी, मायकल मॅकडॉनेल यांनी, कडक शब्दांत टीका केली.

गावांच्या फायली

१९४० च्या दशकात हागाना या ज्यू सशस्त्र संघटनेने अरब गावांच्या फायली बनवायला घेतल्या. गावात शिरायचे रस्ते, विहिरी, झरे, जमिनीचा कस, मुख्तार (गावप्रमुख) कोण, तरुण किती, बंदुका किती. त्यांना हवाई फोटोंची जोड होती, आणि ब्रिटिशांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती उड्डाणं हौशी विमानफेऱ्यांच्या आडून केली जात. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी परागंदा झाले, चारशेहून अधिक गावं ओस पडली किंवा पाडली गेली.

एक गोष्ट इथे जवळून पाहावी. पाडलेल्या गावाची जागा आज फोटोत शोधायची तर घरं शोधून उपयोग नाही. शोधायची असते फड्या निवडुंगाची ओळ. आपल्याकडे शेताच्या बांधाला फड्या लावतात, तसंच पॅलेस्टाइनमध्ये वाड्यावस्त्यांना निवडुंगाचं कुंपण असे. अरबीत त्याला 'सब्र' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ धीर. घर पाडता येतं, पण निवडुंगाचा एक तुकडा मातीत राहिला तरी तो फुटतो. त्यामुळे पाइनच्या लावलेल्या जंगलात मध्येच निवडुंगाची काटकोनी ओळ दिसली, शेजारी टेकडीच्या उताराला धरून ताली दिसल्या, तर तिथे गाव होतं असं समजायला जागा आहे. पक्कं करायचं तर ब्रिटिश भूमापन खात्याचा १:२०,००० चा जुना नकाशा त्यावर बसवून पाहायचा. २०१८ पासून हे नकाशे 'पॅलेस्टाइन ओपन मॅप्स' या उपक्रमामुळे कोणालाही फोनवर उघडता येतात.

'मग जुना फोटो दाखवला की दावा सिद्ध?'

नाही, आणि याचा सगळ्यात कडू धडा नेगेव वाळवंटाच्या काठावरच्या अल-अराकीब या बेदुइन गावाने घेतलाय. बेदुइन म्हणजे पूर्वी तंबूंत राहणाऱ्या भटक्या अरब जमाती. इस्राएल सरकार या गावाला मान्यता देत नाही. जुलै २०१० पासून ते दोनशेहून अधिक वेळा पाडलं गेलं आणि लोकांनी पुन्हा उभं केलं. वाद जमिनीच्या जातीचा आहे. १८५८ च्या ऑटोमन कायद्यात 'मवात' म्हणजे मृत जमीन अशी एक वर्गवारी होती : वस्तीच्या कडेला उभं राहून माणसाने मोठ्याने हाक मारली तर जिथवर ती ऐकू जात नाही त्यापलीकडची जमीन, अदमासे अर्ध्या तासाच्या चालीवरची. अशी जमीन सरकारची. म्हणजे त्या काळी वस्ती होती की नव्हती हे माणसाच्या आवाजाने मोजलं जाई.

न्यायालयात मात्र आवाज नव्हता, ब्रिटिश हवाई दलाने १९४५ मध्ये काढलेले फोटो होते. सरकारी बाजू म्हणाली, इथे गाव दिसत नाही. गावकऱ्यांची बाजू म्हणाली, नांगरलेली शेतं दिसतात, पाण्याची कुंडं दिसतात. दोघांसमोर फोटो तेच. अडचण अशी की बेदुइन तंबू बकरीच्या काळ्या केसांचा, फोटोच्या रासायनिक कणांत तो एखादा कण भरेल न भरेल. फोटो कोणत्या महिन्यातला, हेही महत्त्वाचं. पावसानंतर पेरलेलं रान गडद दिसतं, उन्हाळ्यात तेच रान ओसाड दिसतं. २०१२ मध्ये बीरशेबाच्या न्यायालयाने गावकऱ्यांच्या विरोधात निकाल दिला. फोटोत 'दिसत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'या ठिपक्यात मावत नाही' एवढाच असतो. मला हा या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली तेव्हा ड्रोन उडवण्याआधी लोकांसमोर चुन्याने हद्दी आखल्या गेल्या. कारण दोन भावांच्या वाटणीची रेघ आकाशातून दिसत नसते. खालच्या माणसाने ती दाखवली तरच कॅमेरा पकडतो.

फुगा, दोरी आणि बाटलीतला कॅमेरा

अल-अराकीबच्या लोकांनी संशोधक आणि कार्यकर्त्यांच्या मदतीने दुसरी वाट धरली. फोरेन्सिक आर्किटेक्चर या लंडनच्या तपास संस्थेची साथ आणि पब्लिक लॅब या गटाचं साधं तंत्र हाताशी घेऊन त्यांनी पतंग आणि फुगे उडवून आपल्या गावाचे फोटो काढले. हे तंत्र २०१० मध्ये अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या वेळी रूढ झालं. कसं जमतं ते सांगतो.

दीड मीटर व्यासाच्या फुग्यात सुमारे पावणेदोन घनमीटर हेलियम मावतो. एक घनमीटर हेलियम ढोबळ हिशेबाने एक किलो वजन उचलतो, म्हणजे फुग्याचं आणि दोरीचं वजन जाऊनही दोनेकशे ग्रॅमचा साधा कॅमेरा सहज वर जातो. थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापायचा, कॅमेरा आत बसवायचा, भिंग कापलेल्या बाजूने खाली. बाटली वाऱ्याचे धक्के आणि आपटणं सोसते. सलग फोटोंची सोय नसेल तर बटणावर खोडरबराचा तुकडा ठेवून वर रबरबँड आवळायचा. फोकस दूरवर पक्का करायचा, नाहीतर कॅमेरा दोरीवर फोकस करून बसतो. तीनशे मीटर दोरी, आणि हातात मोजे हवेतच. वाऱ्याने ओढलेली दोरी तळहात कापते.

बिघडतं ते बहुधा वाऱ्यामुळे. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर वारा गेला की फुगा आडवा होतो, कॅमेरा झोके घेतो, फोटो हलतात. अशा वेळी फुगा उतरवून पतंग घ्यायचा, त्याला तोच वारा लागतो. भर दुपारी फोटो काढले तर सावल्या नाहीशा होतात आणि उंचवटे कळत नाहीत. अगदी सकाळी काढले तर सावल्याच सगळं झाकतात. शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सामाईक हवा, तरच ते संगणकावर जुळतात. शिवाय विहीर, कुंड, घराचा कोपरा अशा खुणांचे अक्षांश-रेखांश जमिनीवर चालत जाऊन घ्यावे लागतात, नाहीतर नकाशा वाकडा बसतो.

शंभर मीटरवरून साध्या खिशातल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत एका ठिपक्यात सुमारे तीन सेंटिमीटर जमीन येते. आता कबरीच्या हिशेबाकडे परत या. अल-अराकीबमध्ये १९१४ पासूनचं कब्रस्तान आहे. दोन मीटरच्या फोटोत एक कबर अर्धा ठिपका होती. फुग्याच्या फोटोत तिला दोन हजारांहून अधिक ठिपके मिळतात. दगडांची कड दिसते. कोणती कबर कोणाची, ते मात्र शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

ड्रोन का नाही, असं कोणी विचारेल. ड्रोनला परवानगी लागते, ते जप्त होतं, आणि ते कोण उडवतंय ते कळत नाही. फुग्याची दोरी ज्याच्या हातात आहे तो माणूस सगळ्या गावाला दिसतो.

एकच धूर, दोन वाचनं

२०१४ च्या उन्हाळ्यात गाझावर बॉम्ब पडत होते आणि स्फोटांच्या धुराचे फोटो जगभर जात होते. त्या फोटोंवर तौफिक जिब्रील, बुशरा शनान, बिलाल खालेद अशा पॅलेस्टिनी कलाकारांनी रेघा ओढल्या. धुराच्या लोटात कोणाला बाळाला कवटाळणारी आई दिसली, कोणाला मूठ. फोटो बदलला नाही. चार-दोन रेघांनी धुरातली माणसं बाहेर काढली.

त्याच उन्हाळ्यातला तसलाच धूर फोरेन्सिक आर्किटेक्चरने ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेसोबत दुसऱ्या पद्धतीने वाचला. १ ऑगस्ट २०१४ रोजी दक्षिण गाझातल्या रफाह शहरावर झालेल्या भडिमाराचे लोकांनी काढलेले असंख्य फोटो आणि चित्रफिती होत्या, पण पुष्कळांवर वेळ नव्हती किंवा चुकीची होती. धुराचा प्रत्येक लोट सतत आकार बदलतो आणि एकाच क्षणाचा आकार पुन्हा येत नाही. दोन वेगवेगळ्या गच्च्यांवरून काढलेल्या फोटोंत लोटाचा आकार जुळला की दोन्ही फोटो एकाच क्षणाचे. सावल्यांवरून वेळ पक्की केली, त्याच दिवसाच्या उपग्रहफोटोशी ताडून पाहिली, आणि कोणता बॉम्ब कुठे, केव्हा पडला याची मांडणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. खालून काढलेल्या फोटोंनी वरून केलेल्या कृतीचा माग काढला.

'चित्रांनी आणि पतंगांनी काय होतं?'

विमान पाडता येत नाही, हे खरं. कला इथे करते ते वेगळं काम आहे : वरून पाहण्याची जी सवय आपल्याला नैसर्गिक वाटायला लागली आहे, ती सवयच कला मोडते. मोना हातूम या पॅलेस्टिनी वंशाच्या कलाकाराने १९९६ मध्ये जेरुसलेमच्या एका गॅलरीत वेस्ट बँकमधल्या नाबलुस शहराच्या साबणाच्या दोन हजारांहून अधिक वड्या जमिनीवर चौकोनात मांडल्या आणि लाल काचेचे मणी त्यांत रोवून ऑस्लो कराराचा नकाशा काढला. नाबलुसचा साबण जैतुनाच्या तेलाचा, शेकडो वर्षांच्या कारागिरीचा. पाहणारा वरून खाली पाहतो, विमानातून पाहावं तसंच. पण नाकाला साबणाचा वास येतो आणि हद्दी पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूवर आखलेल्या दिसतात. लारिसा सान्सूर या पॅलेस्टिनी कलाकाराने २०१२ मध्ये याच्या उलट कल्पना रंगवली : जमीन उरलीच नाही म्हणून सारं पॅलेस्टाइन एका उंच इमारतीत, एकेका मजल्यावर एकेक शहर.

आणि पतंग. जुलै २०११ मध्ये गाझाच्या उत्तर किनाऱ्यावर, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या उन्हाळी शिबिरात, मुलांनी एकाच वेळी १२,३५० पतंग उडवले. तो जागतिक विक्रम ठरला. २०१८ मध्ये याच गाझातून पेटते पतंग सीमेपलीकडे सोडले गेले आणि दक्षिण इस्राएलमधली शेतं जळाली, हेही सांगायलाच हवं. पण पतंग म्हटल्यावर तेवढंच आठवणं किनाऱ्यावरच्या त्या मुलांवर अन्याय आहे.

'आता तर सगळं दिसतंय, मग अडचण काय?'

आता गाझाची हानी दोन प्रकारे मोजली जाते. एक म्हणजे रडार. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जातो आणि लहरी सोडून प्रतिध्वनी नोंदवतो. उभ्या इमारतीचा प्रतिध्वनी दर फेरीला जवळपास तसाच येतो. ती कोसळली की विस्कटतो. त्याला ढग आणि रात्र अडत नाहीत. शेताचा प्रतिध्वनी मात्र पीक वाढलं तरी बदलतो, म्हणून हे गणित फक्त बांधकामांवर चालवावं लागतं. दुसरी पद्धत म्हणजे स्पष्ट फोटोत एकेक इमारत डोळ्याने तपासणं. संयुक्त राष्ट्रांचं उपग्रह केंद्र, युनोसॅट, हे काम करतं. सप्टेंबर २०२४ च्या त्यांच्या पाहणीत गाझातल्या ६६ टक्के, म्हणजे १,६३,७७८ बांधकामांना इजा झालेली आढळली.

हा आकडा छतांवरून मोजलेला आहे. तोफगोळा भिंतीतून आत शिरला, तीन मजले आतून जळाले आणि वरचा स्लॅब शाबूत राहिला, तर वरून ती इमारत उभीच दिसते. काही क्षेपणास्त्रं छताला हातभर भोक पाडून आत जाऊन फुटतात. ते भोक चाळीस सेंटिमीटरच्या एका ठिपक्यात हरवतं. अशा घरात काय झालं ते जिना चढून गेलेला माणूसच सांगू शकतो, जिना उरला असेल तर.